सील क्रमांक ४०७१८

मला फसवणं सोपं नाही. ही बढाई नाही, नोकरी आहे. एकवीस वर्षं मी पाणीखात्यात मीटर तपासनीस आहे. मीटरला चुंबक लावणारे मी पकडलेत, मीटर उलटा बसवणारे पकडलेत. एका गृहस्थाने तर मीटरच्या आधीच चोरून नळ काढला होता आणि त्यावर फुलझाडाची कुंडी ठेवली होती. झाड प्लास्टिकचं आणि कुंडीखाली मात्र ओल! मला तेवढं पुरे झालं.

तर असा मी, आणि माझ्याच घरात, माझ्याच नाकासमोर तीन आठवडे गळती चालू होती. ती कशी, ते सांगतो.

सुरुवात झाली ऑफिसातल्या एका व्याख्यानाने. एक आहारतज्ज्ञ बाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, साखर सोडून तुम्ही बिनसाखरेच्या गोळ्यांवर येता, पण जिभेची गोडाची सवय काही सुटत नाही, ती सवयच कमी करायला हवी. पुढेही त्या बरंच बोलल्या. पण तोवर माझा निर्णय झाला होता, त्यामुळे पुढचं मी ऐकलं नाही.

घरी आलो आणि झडती घेतली. अण्णांच्या म्हणजे माझ्या वडिलांच्या खोलीत गोळ्यांच्या तीन डब्या निघाल्या. बटण दाबलं की टक् करून एक गोळी पडते, त्या. अण्णांना मधुमेह आहे, साखर बंद आहे, आणि ते एका कपाला चार वेळा टक् करतात. बायकोच्या पर्समध्ये कॉफीत टाकायच्या थेंबांची बाटली होती. मुलीच्या पलंगाखाली बिनसाखरेच्या कोलाचे सहा कॅन. सगळा माल मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडला.

"या घरातली ही खोटी गोडी आजपासून बंद," मी जाहीर केलं.

"अहो, अण्णांना डॉक्टरांनीच चालतील म्हणून सांगितल्यात," बायको म्हणाली.

"चालतील म्हणालेत. चारचार म्हणालेत का?"

अण्णा खुर्चीत बसून शांतपणे माझ्याकडे बघत होते. त्यांनी आयुष्यभर सुतारकाम केलं. समोरच्या वस्तूत वाक कुठे आहे ते बघावं, तसं ते माणसाकडे बघतात.

"मग मी चहात घालायचं काय?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही, अण्णा. चहाची मूळ चव घ्यायची."

"मूळ चव मला माहीत आहे. म्हणून तर चार घालतो."

"आणि बाबा, तुमचं काय?" मुलगी म्हणाली.

"माझं काय? मी यातलं काहीच घेत नाही."

तिने माझ्या शर्टाच्या खिशात हात घातला, च्युइंगगमचं पाकीट काढलं आणि त्यावरची बारीक अक्षरं मोठ्याने वाचली. त्यात दोन गोड रसायनांची नावं होती. तिसऱ्याचा उच्चार तिलाही जमला नाही. मी क्षणभर गडबडलो. पण नियम म्हणजे नियम. मी ते पाकीट बाणेदारपणे टेबलावरच्या मालात ठेवलं आणि म्हणालो, "हे घ्या. हे एकुलतं एक पाकीट होतं."

मुलीने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

आता कुणी म्हणेल, सगळं फेकून का नाही दिलं? पण आमच्या खात्यात पकडलेला माल कोणी फेकत नाही, सील करतात. तीस दिवस सगळं बंद ठेवायचं आणि तिसाव्या दिवशी सर्वांसमोर उघडायचं. तोवर कुणाला इच्छाच उरणार नाही, अशी माझी योजना होती. स्वयंपाकघर आणि अण्णांची खोली यांच्यामध्ये लाकडी भिंत आहे. तिच्यावर काचेच्या दाराचं एक छोटं कपाट आहे. भिंत आणि कपाट दोन्ही अण्णांच्याच हातचं काम. माल त्या कपाटात ठेवला.

"कुलूप लावा आणि मोकळे व्हा," बायको म्हणाली.

"कुलुपाची किल्ली कुठे असते ते या घरात फक्त मला माहीत नसतं."

मी माझी ऑफिसची बॅग आणली. त्यातून तार काढली, शिशाचं सील काढलं, पक्कड काढली. दाराच्या दोन्ही मुठींतून तार ओवली, पीळ दिला आणि पक्कड दाबली. सील क्रमांक ४०७१८. एकवीस वर्षांचा हात आहे, कुठे कुसळभर फट नाही.

"हे ऑफिसचं सील आहे ना?" बायकोने विचारलं.

"उद्या रजिस्टरला नोंद करतो."

अण्णा उठले. त्यांनी तारेवरून बोट फिरवलं, सील उलटंसुलटं करून पाहिलं.

"दाराचं काम पक्कं झालंय," ते म्हणाले.

वडिलांनी माझ्या कामाचं कौतुक केल्याचे प्रसंग फार नाहीत. मी रात्री समाधानाने झोपलो.

पहिले तीन दिवस घरात सुतक असावं तशी शांतता होती. अण्णा चहाचा कप हातात घ्यायचे, एक घोट प्यायचे आणि उरलेल्या कपाकडे बघत बसायचे. बायको कॉफी औषधासारखी गिळायची. मुलगी माझ्याशी फक्त कामापुरतं बोलायची. मला वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण नवीन मीटर बसवल्यावर सगळेच ग्राहक तीन दिवस रुसतात.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी घरी आलो तर अण्णा गुणगुणत होते.

मी बूट काढता काढता थांबलो. बायकोही प्रसन्न दिसत होती. मुलीने चक्क विचारलं, "बाबा, दमलात का?" कुणाचीच कसलीही तक्रार नव्हती. मला धोक्याची घंटा ऐकू आली. पाणी तोडलेला ग्राहक भांडत असला तर काळजी नसते. तो हसून "या, बसा" म्हणाला की समजावं, याला कुठून तरी पाणी येतंय.

मी सील तपासलं. क्रमांक बरोबर, तार अखंड. मग काचेतून आत पाहिलं. सील लावतानाच मी गोळ्यांच्या अर्धपारदर्शक डब्यांवर आणि थेंबांच्या बाटलीवर पातळीची खूण केली होती. सवयच आहे ती. एका डबीतल्या गोळ्या खुणेच्या बोटभर खाली गेल्या होत्या.

"कोणी उघडलं होतं का कपाट?"

"सील तुमचं, पक्कड तुमची," बायको म्हणाली. "आम्ही कसं उघडणार?"

ते खरंच होतं, आणि त्यामुळेच माझी झोप उडाली.

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना मी दोन दारांच्या फटीवर थुंकी लावून एक केस चिकटवला. माझ्या डोक्यावर मोजके उरलेत, त्यातला एक खर्ची घातला. संध्याकाळी केस जागच्या जागी होता आणि थेंबांची बाटली खाली गेली होती. कोलाचे कॅनही सहाचे पाच झाले होते. कॅन हा काही फटीतून निघणारा प्रकार नव्हे!

मी बिजागऱ्यांचे स्क्रू पाहिले, काच हलवून पाहिली. जमिनीखालची गळती ऐकायला आमच्याकडे एक लोखंडी दांडी असते. एक टोक पाइपावर आणि दुसरं कानाला लावायचं. एका रविवारी मी ती दांडी कपाटाला लावून अर्धा तास स्वयंपाकघरात उभा राहिलो.

"काय ऐकू येतंय?" बायकोने भाजी चिरता चिरता विचारलं.

"शू."

"अहो, निदान बाजूला तरी सरका. मला मीठ घ्यायचंय."

मग मी एकेकाची वेगळी चौकशी सुरू केली. मुलीला विचारलं, तू मंगळवारी चार ते पाच कुठे होतीस? ती म्हणाली, शिकवणीला, तुम्हीच सोडलंत. अण्णांना विचारलं, तुम्हाला काही माहीत आहे का? ते म्हणाले, "मला बरंच माहीत आहे. तुला नक्की कशाबद्दल हवंय?" याला मी उत्तर देईपर्यंत ते त्यांच्या खोलीत निघून गेले आणि दार लोटून घेतलं. बायकोला विचारायला गेलो तर तिनेच मला विचारलं, "तुमचा घरच्या माणसांवर विश्वास नाही का?"

"विश्वास आहे. तपासणीही आहे."

त्या दिवशी मला जेवण गार मिळालं.

या सगळ्या धावपळीत एक गोष्ट राहूनच गेली होती. रजिस्टरची नोंद. आमच्या भांडारात एक भांडारपाल आहेत, त्यांना सगळं खातं 'भिंग' म्हणतं. महिनाअखेरीला ते एकेका सीलचा हिशोब लावतात. एक सील गहाळ झालं म्हणजे ते कुणीतरी मीटर-चोराला विकलं, असाच अर्थ आमच्याकडे घेतात. आमच्याच खात्यातला एक जण त्यापायी घरी बसला आहे, आणि त्याला पकडून देणारा मी होतो.

"४०७१८," भिंग म्हणाले. "कुठे आहे?"

"लावलंय," मी म्हणालो.

"कुठे?"

"एका घरी."

"ग्राहक क्रमांक?"

इथे मी खरं सांगून टाकायला हवं होतं. पण 'गोळ्यांच्या कपाटाला' हे शब्द भरल्या ऑफिसात माझ्या तोंडून निघेनात. खोटा क्रमांक मी कधी दिलेला नाही आणि देणारही नाही. म्हणून मी जो देता येण्यासारखा होता तो खरा क्रमांक दिला. माझ्या घराचा.

भिंगांनी तो लिहून घेतला, पान उलटलं आणि पेन खाली ठेवलं.

"म्हणजे तुम्ही स्वतःच्या घरच्या मीटरचं सील बदललंत? अर्ज नाही, साक्षीदार नाही, अहवाल नाही?"

"तसं नाही ते."

त्यांनी माझ्या घरचा वापर काढून पाहिला. आमच्याकडे दिवसाला तीनतीनदा होणारा चहा एकदावर आला होता. पातेलं, गाळणी, कप फारसं काही विसळायला नव्हतं. या महिन्यात आमचा वापर नेमका घटला होता.

दुपारी मोठ्या साहेबांनी बोलावलं. त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"उद्या सकाळी अकराला तुमच्या घरी तपासणी आहे. घरीच थांबा. कशालाही हात लावू नका."

हे वाक्य मी आजवर शेकडो लोकांना सांगितलं असेल. ते ऐकणाऱ्याला कसं वाटतं, ते मला त्या दिवशी कळलं. एकवीस वर्षांत एक ठपका नाही, आणि आता नोकरी एका शिशाच्या तुकड्याला लटकलेली. सील तोडून टाकावं तर ते आणखी वाईट. एकट्याने तोडलेलं सील म्हणजे गुन्हा शाबीतच. मी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती हसली नाही, हे तिचे उपकार.

"कपाट दाखवा आणि खरं सांगा," ती म्हणाली.

"आणि आतला माल कमी कसा झाला विचारलं तर? माझं सील शाबूत असताना आतून माल जातो, म्हणजे मी सील बनावट करतो असाच अर्थ निघेल."

ती काहीतरी बोलणार होती. मग अण्णांच्या खोलीकडे एकदा बघून गप्प बसली. मी तेही मनात टिपून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला मोठे साहेब आले. मागे भिंग, हातात छापील फॉर्म. त्यांनी आधी अंगणातला मीटर पाहिला. त्याचं सील सहा वर्षांपूर्वीचं, धुळीने माखलेलं, जसंच्या तसं होतं.

"हा तर ठीक आहे," साहेब म्हणाले. "मग ४०७१८ कुठे आहे?"

"आत आहे, साहेब."

"मीटर आत?"

"कपाट आत."

सगळी वरात स्वयंपाकघरात आली. साहेबांनी कपाटापुढे उभं राहून सील पाहिलं, काचेतून आतल्या डब्या, बाटली आणि कॅन पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. मी व्याख्यानापासून सगळं सांगितलं. सांगताना माझंच मला ऐकवत नव्हतं. बायको आणि मुलगी ओट्याशी उभ्या होत्या.

"मीही होतो त्या व्याख्यानाला," साहेब म्हणाले. "त्या बाई हळूहळू म्हणाल्या होत्या. तीनदा म्हणाल्या."



"साहेब, चहा घेणार?" बायकोने विचारलं.

"ग्राहकाच्या घरी चहा घ्यायचा नाही, असा नियम आहे," भिंग म्हणाले.

"हे ग्राहकाचं घर आहे की आपल्या माणसाचं, तेच ठरवायला आलोय," साहेब म्हणाले. "चालेल, अर्धा कप. साखर नको. गोळी असेल तर दोन."

 पाचही जणांच्या नजरा कपाटावर गेल्या. गोळ्या तिथेच, काचेपलीकडे वीतभर अंतरावर होत्या, आणि मधे माझं सील होतं.

आणि तेवढ्यात कपाटाच्या आत उजेड पडला.

कपाटाची मागची फळी आवाज न करता बाजूला सरकली. मागून एक हात आत आला. अंगठ्याच्या नखावर हातोडीची जुनी काळी खूण असलेला तो हात मी कुठेही ओळखला असता. हाताने सरावाने डबी उचलली. पलीकडून टक्, टक्, टक्, टक् असा आवाज आला. मग हात परत आला, डबी जागेवर ठेवली, खूण समोर येईल अशी नीट फिरवली. नंतर फळी लावण्यासाठी अण्णा वाकले, आणि काचेतून त्यांना आमचे पाच चेहरे दिसले.

अण्णांनी एकेक चेहरा सावकाश पाहिला.

"पाहुणे आलेत होय," ते म्हणाले. "यांना दोन का चार?"

"दोन," साहेब म्हणाले.

टक्, टक्.

मी धावत अण्णांच्या खोलीत गेलो. कपाटाच्या मागे भिंतीला लावून त्यांचं कॅलेंडर असतं. ते बाजूला काढून ठेवलेलं होतं. त्यामागे व्यवस्थित खाचेत बसलेली सरकती फळी, तिला सरकवायला एक छोटा खड्डा, सगळं तेल लावून गुळगुळीत केलेलं.

"हे कधी केलंत?"

"तुझी आई या खोलीत अंथरुणावर होती तेव्हा," अण्णा म्हणाले. "दार उघडलं की तिला वारा लागायचा. म्हणून औषध, चहा इथून द्यायचो. सूनबाई तिकडून ठेवायची, मी इकडून घ्यायचो. तू तेव्हा बदलीवर होतास."

मी होतो बदलीवर. दोन वर्षं. महिन्यातून एकदा यायचो, आईजवळ बसायचो आणि परत जायचो. तिचा चहा कुठून येतो, हे मी एकदाही विचारलं नाही. शहरातल्या प्रत्येक घरात पाणी कुठून येतं ते शोधणारा मी, मला खरंच लाज वाटली. आणि त्याच खिडकीतून चोरून चहा गोड करायची पाळी मी त्यांच्यावर आणली होती.

"मला सांगायचं ना, अण्णा."

"तू दार सील करत होतास. मागचं विचारलं नाहीस."

स्वयंपाकघरात परत आलो तर बायको साहेबांना चहा देत होती. "मी फक्त थेंब घ्यायचे," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "आणि मी एकच कॅन," मुलगी म्हणाली. म्हणजे सगळं घर आत होतं, बाहेर फक्त मी होतो.

साहेबांनी चहा संपवला. मग म्हणाले, "काढा सील. आम्ही दोघं साक्षीदार आहोत."

मी पकडीसाठी बॅगेत हात घातला. पक्कड तळाशी होती. ती ओढताना तिच्याबरोबर आणखी काहीतरी आलं आणि फरशीवर पडलं. च्युइंगगमचं पाकीट. अर्धं संपलेलं.

मुलीने ते उचललं, साहेबांच्या कपाशेजारी ठेवलं आणि म्हणाली, "एकुलतं एक."

"ते ड्यूटीवरचं आहे," मी म्हणालो. कुणीच ऐकलं नाही.

भिंग खुर्ची ओढून बसले आणि साहेब सांगतील तसं फॉर्मवर लिहू लागले. "सील क्रमांक ४०७१८, शाबूत. तारेला छेडछाड नाही. गळती, आहे. ठिकाण, मागील बाजू." मग साहेब थोडे थांबले.  नोकरी राहते की जाते, ते आता शेऱ्याच्या रकान्यात होतं.

"शेरा लिहा," साहेब म्हणाले. "गैरहेतू आढळला नाही. गळतीच्या संपूर्ण काळात तपासनीस समोर उभा होता."

नोकरी वाचली. विनापरवाना सील वापरल्याबद्दल एक लेखी ताकीद मिळाली. अहवालाची प्रत मात्र भांडाराच्या फळ्यावर आठवडाभर लागली होती. ती कुणी लावली, याचा माझा तपास अजून चालू आहे.

घरात आता तह झाला आहे. कपाटाला सील नाही. सकाळचा चहा मीच त्या खिडकीतून अण्णांना देतो, आणि ते पलीकडून कप घेतात. हळूहळू कमी करायचं ठरलंय. अण्णांनी चारच्या तीन केल्या आहेत. मी अलीकडे उभा राहून रोज ऐकतो, टक्, टक्, टक्, बरोबर तीन. त्यानंतर ते जोरात खोकतात. एवढा नेमका खोकला मी आजवर ऐकलेला नाही.